जुन्या मारुती ८०० चं इंजिन ट्यून केलं, तरी कसारा घाटात गाडी का दमते? गिअर रेशो निवडण्याचं सोपं गणित

मुंबईहून नाशिकला येताना कसारा मागे पडलं की चढ सुरू होतो. पुढे भरलेला ट्रक, मागे एसटी, मध्ये जुनी मारुती ८००. चालक टॉपमधून तिसऱ्या गिअरमध्ये येतो आणि गाडी इगतपुरीपर्यंत निवांत चढते.

आता याच गाडीचं इंजिन ट्यून केलंय असं समजा. हेडचं पोर्टिंग झालं, वेगळा कॅमशाफ्ट आला, मोठा कार्ब्युरेटर बसला, फ्री-फ्लो सायलेन्सर लागला. शोभेसाठी १२ इंचीच्या जागी १३ इंची अलॉय व्हील्सही आली. ताकद ३७ अश्वशक्तीवरून ५० च्या घरात गेली. पण घाटात फरकच जाणवत नाही. उलट टॉप गिअरमध्ये गाडी पूर्वीपेक्षा लवकर दम टाकते.

अशा वेळी संशय बहुतेकदा कार्ब्युरेटरवर किंवा मेकॅनिकवर जातो. खरं कारण अनेकदा गिअरबॉक्सच्या आणि चाकांच्या आकड्यांत असतं. इंजिन बदललं, पण त्याची ताकद चाकापर्यंत नेणारे दाते तेच राहिले.

हे आकडे कसे वाचायचे आणि ट्यून केलेल्या जुन्या छोट्या गाडीसाठी गिअर रेशो कसे निवडायचे, ते समजून घेऊ.

गिअर रेशो म्हणजे नेमकं काय?

गिअरची सायकल चालवलेल्या कुणालाही हे माहीत असतं. चढावर मागचा मोठा दातेरी चक्र घेतला की पाय भराभर फिरतात, जोर कमी लागतो, पण सायकल हळू जाते. सपाटीवर छोटा चक्र घेतला की पाय सावकाश फिरतात आणि सायकल पळते.

गाडीतही तेच होतं. पहिल्या गिअरचा रेशो ३.५८ आहे, याचा अर्थ इंजिन ३.५८ फेरे घेतं तेव्हा गिअरबॉक्समधून बाहेर एक फेरा येतो. वेग तितक्या पटीनं कमी होतो आणि पिळण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, तितक्या पटीनं वाढतो.

गिअरबॉक्सनंतर आणखी एक कायमची जोडी असते. तिला फायनल ड्राइव्ह म्हणतात. फियाटसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ती मागच्या एक्सलमध्ये क्राऊन-पिनियनच्या रूपात असते. मारुती ८०० मध्ये ती गिअरबॉक्सच्याच पेटीत असते.

दोन्ही रेशोंचा गुणाकार केला की एकूण रेशो मिळतो. त्यानंतर येतो टायर. टायर जितका मोठा, तितकं एका फेऱ्यात जास्त अंतर आणि तितका कमी जोर. म्हणजे गाडीचं खरं गिअरिंग तीन ठिकाणी ठरतं: गिअरबॉक्स, फायनल ड्राइव्ह आणि टायर.

सूत्र एवढंच आहे: ताशी वेग (किमी) = आरपीएम × टायरचा परीघ (मीटर) × ६० ÷ १००० ÷ एकूण रेशो.

मारुती ८०० चे मूळ आकडे काय सांगतात?

पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली १४ डिसेंबर १९८३ रोजी. जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. बहुतेक काळ तिच्यात ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आणि चार गिअर होते. कार्ब्युरेटरच्या गाडीत ५००० आरपीएमला सुमारे ३७ अश्वशक्ती आणि २५०० आरपीएमला ५९ न्यूटन-मीटर, म्हणजे साधारण ६ किलो-मीटर टॉर्क मिळायचा.

फायनल ड्राइव्ह ४.३५१ आणि टायर १४५/७० आर १२. या टायरचा परीघ साधारण १.५९५ मीटर येतो. त्यावरून प्रत्येक गिअरमध्ये १००० आरपीएमला किती वेग मिळतो, ते पाहू:

- पहिला: ३.५८ × ४.३५१ = १५.५८, ताशी ६.१ किमी
- दुसरा: २.१६६ × ४.३५१ = ९.४२; ताशी १०.२ किमी
- तिसरा: १.३३३ × ४.३५१ = ५.८०, ताशी १६.५ किमी
- चौथा: ०.९ × ४.३५१ = ३.९२, ताशी २४.४ किमी

चौथ्या गिअरमध्ये ५००० आरपीएमला वेग येतो ताशी १२२ किमी. ३७ अश्वशक्तीची ही छोटी गाडी सपाटीवर जेमतेम तितकीच पळू शकते. म्हणजे इंजिन सर्वाधिक ताकद ज्या आरपीएमला देतं, त्याच आरपीएमला गाडी आपल्या कमाल वेगाला पोहोचते. हा योगायोग नाही. कारखान्यानं टॉप गिअर त्याच हिशोबानं निवडलेला आहे.

इंजिन बदललं की हा हिशोब मोडतो.

ट्यूनिंगमुळे इंजिनमध्ये काय बदलतं?

ट्यूनिंग म्हणजे सगळीकडे सारखी वाढलेली ताकद नव्हे. जास्त वेळ व्हॉल्व्ह उघडे ठेवणारा कॅमशाफ्ट आणि मोठा कार्ब्युरेटर वरच्या आरपीएमला इंजिनला भरपूर हवा देतात. पण खालच्या आरपीएमला हवेचा वेग मंदावतो, मिश्रण नीट भरत नाही आणि टॉर्क मूळ इंजिनपेक्षाही कमी होतो.

मूळ ८०० चं इंजिन २००० पासून ५००० पर्यंत कुठेही समजूतदारपणे ओढतं. ट्यून केलेलं इंजिन समजा ३५०० नंतर जागं होतं आणि ६२०० पर्यंत जोरात चालतं. या पट्ट्याला पॉवर बँड म्हणतात. कॅमशाफ्ट आणखी उग्र असेल तर हा पट्टा ४५०० ते ६५०० इतका अरुंद होतो.

गिअरबॉक्सचं काम म्हणजे इंजिनला सतत त्या पट्ट्यात ठेवणं. पट्टा अरुंद असेल तर गिअर एकमेकांच्या जवळ हवेत.

दोन गिअरमधली 'पायरी' का महत्त्वाची?

एका गिअरचा रेशो पुढच्या गिअरच्या रेशोनं भागला की त्यांच्यातली पायरी कळते. ८०० मध्ये पहिल्यातून दुसऱ्यात १.६५, दुसऱ्यातून तिसऱ्यात १.६२ आणि तिसऱ्यातून चौथ्यात १.४८.

गिअर बदलताना आरपीएम याच प्रमाणात खाली येतात. ६५०० ला दुसऱ्यातून तिसरा टाकला तर सुई ४००० वर येते. पॉवर बँड ३५०० पासून सुरू होत असेल तर काही बिघडत नाही. पण तो ४५०० पासून सुरू होत असेल तर गाडी पट्ट्याच्या ५०० आरपीएम खाली पडते. सपाटीवर ती हळूहळू सावरते. चढावर मात्र सावरायला ताकदच उरत नाही, वेग घसरतो आणि चालक पुन्हा दुसऱ्यात येतो. दुसऱ्यात इंजिन ओरडतं, तिसऱ्यात दमतं. यालाच बोलीभाषेत 'गिअर जुळत नाही' म्हणतात.

किती गिअर पुरतील, हेही यावरून काढता येतं. ८०० च्या पहिल्या आणि चौथ्या गिअरमधला एकूण पल्ला ३.५८ ÷ ०.९, म्हणजे जवळपास ४ पट आहे. हा पल्ला चार गिअरमध्ये, म्हणजे तीन पायऱ्यांत बसवायचा तर सरासरी पायरी १.५८ येते. ३५०० ते ६२०० हा पॉवर बँड १.७७ पटीचा आहे, त्यामुळे चार गिअर पुरतात. ४५०० ते ६५०० हा बँड फक्त १.४४ पटीचा आहे. त्यात चार गिअर पुरत नाहीत. तोच पल्ला पाच गिअरमध्ये वाटला तर पायरी सरासरी १.४१ होते आणि गणित बसतं.

म्हणजे कॅमशाफ्ट घेण्याच्या आधीच गिअरबॉक्सचा विचार करावा लागतो. चार गिअरच्या गाडीत उग्र कॅमशाफ्ट टाकणं म्हणजे स्वतःच खड्डा खणून ठेवणं.

कसारा घाटात नक्की काय होतं?

थळ घाट हे कसारा घाटाचं जुनं नाव. रेल्वेचा चढ इथे ३७ ला १ आहे आणि तेवढ्यासाठीही गाड्यांना कसाऱ्यापासून जादा बँकर इंजिनं जोडली जात आली आहेत. रस्त्यावरचा चढ यापेक्षा तीव्र असतो. उदाहरणासाठी १५ ला १, म्हणजे १५ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर, असा तुकडा घेऊ.

गाडी ६५० किलो आणि दोन माणसं १५० किलो, एकूण ८०० किलो. ताशी ६० किमी वेग टिकवायला किती जोर लागेल?

- चढासाठी: ८०० ÷ १५ = सुमारे ५३ किलो
- टायरच्या घर्षणासाठी: सुमारे १२ किलो
- हवेच्या विरोधासाठी: सुमारे ११ किलो
- एकूण: ७६ किलो

आता मूळ इंजिन चाकापाशी किती जोर देतं? चौथ्या गिअरमध्ये ६० च्या वेगाला इंजिन साधारण २४५० आरपीएमवर असतं, म्हणजे बरोबर कमाल टॉर्कच्या जागी. गिअरमधली घट आणि घाटमाथ्याकडची विरळ हवा धरून चाकावर सुमारे ७७ किलो जोर मिळतो. ७६ हवेत, ७७ आहेत. दोन माणसं असतील तर गाडी काठावर तगते. चार माणसं बसली की गरज ८८ किलोंवर जाते आणि तिसरा गिअर टाकावाच लागतो. तिसऱ्यात सुमारे १०९ किलो मिळतात, म्हणून गाडी निवांत चढते.

आता ट्यून केलेलं इंजिन पाहू. समजा २४५० आरपीएमला त्याचा टॉर्क ६ वरून ५.१ किलो-मीटरवर आला आणि ३६०० च्या आसपास तो मूळच्या ५.७ वरून ६.२ वर गेला.

चौथ्या गिअरमध्ये मिळणारा जोर ६६ किलोंवर येतो. दोन माणसं असतानाही गाडी वेग धरत नाही. तिसऱ्यात मात्र ११८ किलो मिळतात, म्हणजे मूळ गाडीपेक्षा ९ किलो जास्त. इथपर्यंत ट्यूनिंगचा फायदा दिसतो.

पण चाकं १३ इंची आहेत. १५५/७० आर १३ टायरचा परीघ साधारण १.७२ मीटर, म्हणजे मूळ टायरपेक्षा जवळपास ८ टक्के मोठा. त्यामुळे तिसऱ्या गिअरमधले ११८ किलो कमी होऊन पुन्हा १०९ वर येतात.

थोडक्यात, इंजिनवर केलेला खर्च चाकांनी खाल्ला. ४.३५१ चा फायनल ड्राइव्ह काढून ४.०४ चा बसवला असता तर जे झालं असतं, तेच या टायरनी केलं.

टॉप गिअर कसा निवडायचा?

हवेचा विरोध वेगाबरोबर झपाट्यानं वाढतो. त्यामुळे ताकद ३५ टक्क्यांनी वाढली तरी कमाल वेग साधारण १० टक्क्यांनीच वाढतो. ३७ अश्वशक्तीला १२२ किमी, तर ५० ला १३५ किमीच्या आसपास.

या इंजिनची कमाल ताकद समजा ६००० आरपीएमला मिळते. मूळ चौथ्या गिअरमध्ये ६००० आरपीएम म्हणजे ताशी १४६ किमी. तेवढा वेग ही गाडी कधीच गाठणार नाही. म्हणजे टॉप गिअर आता या इंजिनला 'लांब' झाला आहे आणि कमाल ताकद कागदावरच राहते.

१३५ किमीला ६००० आरपीएम यावेत, तर एकूण रेशो ४.२५ च्या आसपास हवा. ०.९ नं भागलं की फायनल ड्राइव्ह ४.७ च्या घरात येतो. हा 'आखूड' फायनल ड्राइव्ह सगळ्याच गिअरमध्ये ८ टक्के जास्त जोर देतो. कसाऱ्याच्या त्या तुकड्यावर, मूळ १२ इंची चाकं असतील तर, तिसऱ्या गिअरमधले ११८ किलो १२७ होतात.

ताशी १३५ वेगानं जुनी ८०० चालवावी, असा याचा अर्थ अजिबात नाही. हे फक्त गिअरिंग जुळवण्याचं माप आहे.

आखूड गिअरिंगची किंमतही मोजावी लागते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. तिथे ताशी १०० नं जाताना मूळ गाडीचं इंजिन सुमारे ४१०० आरपीएमवर असतं. ४.७ च्या फायनल ड्राइव्हनं तेच ४४०० वर जातं. तासन्‌तास असं चालणं म्हणजे जास्त आवाज, जास्त पेट्रोल आणि उन्हाळ्यात तापणारं इंजिन.

यावर उपाय म्हणजे पाचवा गिअर. ८०० च्या नंतरच्या काही आवृत्त्यांत आणि आल्टोमध्ये पाच गिअरचा बॉक्स आला. पाचवा ०.७५ च्या आसपास असेल तर मूळ फायनल ड्राइव्हवरही १०० च्या वेगाला इंजिन ३४०० वर उतरतं. घाटात चार गिअर कामाचे, महामार्गावर पाचवा आरामाचा. मात्र नुसतं 'बसतो' या शब्दावर बॉक्स घेऊ नये. बेल हाउसिंगचे बोल्ट, क्लचप्लेटच्या आणि ड्राइव्ह शाफ्टच्या स्प्लाइन, माउंटिंग आणि गिअर रॉड या पाच गोष्टी आधी जुळवून पाहाव्यात. आणि त्या बॉक्सचा स्वतःचा फायनल ड्राइव्ह किती, हे तर विचारायलाच हवं. पाच गिअर मिळाले पण फायनल ड्राइव्ह लांब आला, तर घाटात पुन्हा तेच दुखणं सुरू होतं.

पहिल्या गिअरचं काय?

शर्यतीच्या क्लोज रेशो बॉक्समध्ये पहिला गिअर बराच लांब असतो, कारण शर्यतीत गाडी एकदाच सुटते. रस्त्यावर तसं नसतं. द्वारका चौकातली गर्दी किंवा घाटात अडकलेल्या ट्रकमागे पुन्हा पुन्हा उठवावी लागणारी गाडी आठवा.

मूळ ३.५८ चा पहिला गिअर चार माणसांसह गाडी जवळपास तीनाला एक अशा चढावरही उठवू शकतो. तोच २.८ केला तर जोर पाचव्या हिश्शाहून जास्त कमी होतो. त्यात ट्यून केलेलं इंजिन खाली टॉर्क कमी देतं. मग दर वेळी इंजिन ओढून अर्ध्या क्लचवर गाडी उठवावी लागते आणि क्लचप्लेट जळते. रोजच्या वापराच्या गाडीचा पहिला गिअर बदलण्याचं कारण सहसा नसतं.

रॅलीच्या गाडीला वेगळा नियम का?

नाशिकला मोटरस्पोर्टची जुनी ओळख आहे. वेस्टर्न इंडिया स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे 'विसा' या संस्थेनं इथे रॅली ऑफ महाराष्ट्र भरवली आणि ती राष्ट्रीय रॅली अजिंक्यपद मालिकेचा भाग राहिली. मारुतीच्या जिप्सी आणि एस्टीम या रॅलींमध्ये वर्षानुवर्षं धावल्या.

रॅलीचे स्पेशल स्टेज कच्च्या रस्त्यावर असतात. तिथे कमाल वेगापेक्षा वळणातून बाहेर पडताना मिळणारा जोर महत्त्वाचा. म्हणून आखूड फायनल ड्राइव्ह आणि जवळजवळचे गिअर घेतले जातात. सरळ दात्यांचे गिअर जोर जास्त सोसतात, पण त्यांचा घरघराट मोठा असतो. डॉग बॉक्समध्ये सिंक्रोनायझर नसतो, त्यामुळे गिअर झटक्यात पडतो, पण सावकाश टाकला तर दाते खातो. असा बॉक्स शहरात चालवणं रोजची डोकेदुखी ठरते. 'रॅलीचा बॉक्स आहे' हे ऐकून तो रोजच्या गाडीत टाकणं म्हणूनच महागात पडतं.

फियाट आणि पद्मिनीत काय वेगळं?

महाराष्ट्रातली दुसरी लाडकी जुनी गाडी म्हणजे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली फियाट ११०० आणि तिचंच पुढचं नाव पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, स्टीअरिंगजवळ गिअरचा दांडा आणि ताकद मागच्या चाकांना. तिच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीनं ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईचा निरोप घेतला.

या गाडीत टॉप गिअर थेट, म्हणजे १ ला १ असतो. त्यामुळे टॉपचं सगळं गणित क्राऊन-पिनियनवर येतं. १० दात्यांचं पिनियन आणि ४३ दात्यांचं क्राऊन असेल तर रेशो ४.३. गिअरबॉक्सला हात न लावता फक्त ही जोडी बदलून संपूर्ण गाडी आखूड किंवा लांब करता येते.

तीन गोष्टी मात्र पाळाव्या लागतात. क्राऊन आणि पिनियन नेहमी जोडीनंच घ्यायचे, कारण ते एकत्र घासून जुळवलेले असतात. बसवताना दोघांमधली फट आणि दात्यांचा ठसा तपासायचा, नाहीतर काही दिवसांत एक्सल रडायला लागतो. आणि स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सच्या मागच्या टोकातून येत असेल, तर क्राऊन-पिनियन बदलल्यावर काटा चुकीचा वेग दाखवतो.

जुन्या फियाटमध्ये नेमका कोणता रेशो आहे हे माहीत नसेल तर एक युक्ती आहे. पुढची चाकं दगड लावून पक्की अडवायची, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायची, मागचं एक चाक जॅक आणि स्टँडवर उचलायचं आणि दुसरं जमिनीवर राहू द्यायचं. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवायचं आणि तेवढ्यात प्रोपेलर शाफ्ट किती फेरे घेतो ते मोजायचं. तोच फायनल ड्राइव्हचा रेशो. एकच चाक फिरत असल्यामुळे डिफरन्शियल त्याचा फेरा अर्धा करतं, म्हणून फेरे दोन.

मग निवड कशी करायची?

क्रम सोपा आहे, पण तो उलटा केला की पैसे वाया जातात.

१. गाडीचं काम ठरवा. रोज शहरात, आठवड्याला घाट, की वर्षातून चार वेळा ऑटोक्रॉस? तिन्ही एका गाडीत नीट जमत नाहीत.

२. टायर आधी पक्का करा. जमिनीवर आणि टायरवर खडूची खूण करून गाडी एक फेरा ढकला आणि अंतर मोजा. गाडीच्या वजनानं टायर थोडा दबतो, म्हणून हा आकडा गणितातल्या परिघापेक्षा थोडा कमी येतो आणि जास्त खरा असतो.

३. आत्ताचे रेशो तपासा. जुन्या गाडीचा बॉक्स आधी कुणी बदललेला असू शकतो. फोनच्या जीपीएसवर वेग आणि टॅकोमीटरवर आरपीएम पाहून एकूण रेशो काढता येतो.

४. इंजिनचा पॉवर बँड मोजा. डायनोवर आलेख काढून घेतला तर उत्तम. 'गाडी भन्नाट पळते' हे माप नव्हे.

५. टॉप गिअर ठरवा. शर्यतीसाठी कमाल ताकद कमाल वेगाला मिळावी, महामार्गासाठी १०० च्या वेगाला इंजिन निवांत असावं.

६. पायऱ्या तपासा. गिअर बदलल्यावर सुई बँडच्या खाली जात असेल तर गिअर वाढवा किंवा सौम्य कॅमशाफ्ट घ्या. दुसरा पर्याय बहुतेक वेळा स्वस्त आणि शहाणपणाचा असतो.

७. शेवटी पहिला गिअर पाहा. भरलेली गाडी चढावर क्लच न जाळता उठते का?

उताराचं आणि कायद्याचं काय?

गिअरिंगचा विचार चढापुरता केला तर अर्धाच होतो. चार माणसांची ९५० किलोची गाडी त्याच १५ ला १ च्या उतारावर ताशी ५० नं उतरत असेल तर घर्षण आणि हवा वजा जाऊनही सुमारे ४० किलोंचा जोर तिला सतत पुढे ढकलत असतो. तो एकतर इंजिननं अडवायचा किंवा ब्रेकनं. गिअरिंग जितकं लांब, तितकं इंजिनचं ब्रेकिंग कमी आणि तितके ब्रेक जास्त तापतात. मागे ड्रम असलेल्या जुन्या गाडीत तापलेले ब्रेक ऐन वळणावर दगा देऊ शकतात. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या चालकांचा नियम याच गणितावर उभा आहे. ताकद वाढवलेल्या गाडीत गिअरच्या आधी ब्रेक तपासायला हवेत.

कायद्याच्या बाजूनं पाहता, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवर नोंदलेली मूळ वैशिष्ट्यं परस्पर बदलता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच स्पष्ट केलं. गिअर रेशो आरसीवर लिहिलेले नसतात, पण इंजिन नंबर आणि क्षमता असते. इंजिनच बदलायचं असेल तर आधी आरटीओची परवानगी घ्यावी लागते. बदल विमा कंपनीला न कळवल्यास दाव्याच्या वेळी वाद होऊ शकतो.

फियाट ५० वर्षांहून जुनी असेल तर आणखी एक मुद्दा आहे. २०२१ च्या नियमांनुसार अशा गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते, पण चॅसिस, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठे फेरफार झालेले नसावेत. आज हौसेनं केलेला बदल उद्या ही नोंदणी घालवू शकतो. म्हणून काढलेले मूळ भाग भंगारात न देता तेल लावून जपून ठेवणं चांगलं.

आता सुरुवातीच्या त्या ८०० कडे परत येऊ. तिला महागडा बॉक्स लागेलच असं नाही. पहिली पायरी फुकटची आहे: मूळ १२ इंची चाकं पुन्हा लावायची आणि त्याच घाटात तिसऱ्या गिअरमध्ये गाडी चालवून पाहायची. हरवलेले ९ किलो तिथेच सापडतील. त्यानंतरही कमी पडलं, तर मग फायनल ड्राइव्ह शोधायला निघावं.